११ तारखेला रडाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एआयवर अख्खं पान होतं. त्यात एक वाक्य असं की आता सिस्टीमवाल्यांना स्क्रिप्टा (मशीनने ओळीने चालवायच्या कमांडांच्या फाइली) लिहायची गरजच उरणार नाही, मशीनला सांगितलं की मशीन लिहून देतं. देतं की, मी पण रोज घेते. पण वाचताना हसू आलं, कारण त्याच सकाळी मी आमच्या सर्व्हरवरची एक जुनी स्क्रिप्ट उघडून बसले होते, तिच्यात कोड चार ओळींचा आणि त्याच्या डोक्यावर मराठीत कॉमेंट, म्हणजे माणसाने वाचायची टीप जी मशीन सोडून देतं, अकरा ओळींची, आणि खरी किंमत त्या अकरा ओळींची. त्याबद्दलच लिहितेय, जमलं तर छापा, कापलं तरी चालेल पण मधूनच कापू नका.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या कंपनीत सिस्टीम बघते. दूध संस्था आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे चालतं. सॉफ्टवेअर लिहिणारे वेगळे, मी ते ज्या मशीनांवर चालतं ती मशीनं सांभाळते, म्हणजे बॅकअप, लॉग, डिस्क, रात्री काय चाललं, काय झोपलं, कोण कुणावर अडकलं. घरी विचारतात नक्की काय करतेस, तर सांगायला काही दिसत नाही, कारण काम नीट झालं की काहीच दिसत नाही.

एक आधीच सांगते, खाली कोड मी शब्दांतच लिहिलाय, मुद्दाम. पेपरच्या डीटीपीत सरळ अवतरणचिन्ह गोल होतं, दोन वजा चिन्हांची मिळून एक लांब रेघ होते, आणि कुणी ते बघून टाइप केलं तर शेल (कमांडा वाचून चालवणारा प्रोग्राम) सरळ म्हणतं असलं काही मला माहीत नाही. गंमत म्हणून नाही सांगत. आमच्याकडच्या एका पोराने कमांडा फोनच्या नोट्समध्ये जपून ठेवलेल्या, फोनने आपल्या मनाने अवतरणं गोल केली, आणि हा पठ्ठ्या तासभर पासवर्ड चुकतोय पासवर्ड चुकतोय करत बसला, कारण शेलच्या दृष्टीने ती गोल अवतरणं पासवर्डचाच भाग झाली होती. तसंच विंडोजच्या नोटपॅडात सेव्ह केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटून येतं आणि एरर येतो बॅड इंटरप्रिटर म्हणून. डोळ्याला फाइल एकदम ठणठणीत. डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड मारली की विषय संपला, पण हे माहीत नसेल तर माणूस दिवस घालवतो.

आता ती अकरा ओळींची कॉमेंट. आमचे सिनियर रिटायर झाले तेव्हा त्यांनी मला हँडओव्हर म्हणून एक फाइल दिली, नाव ‘नोंदी’. चारशेच्या वर ओळी, सगळं त्यात, कुठल्या सर्व्हरला कसं जायचं, एसएसएचच्या (दुरून सर्व्हरवर शिरायचं साधन) कॉन्फिगमध्ये कुणाला काय टोपणनाव दिलंय, लाइन मध्येच तुटू नये म्हणून सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ६० का ठेवलंय, बॅश हिस्टरीला (शेलमध्ये मारलेल्या कमांडांची यादी) तारीख-वेळ दिसावी म्हणून कुठलं व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली किंमत) टाकायचं. (हे शेवटचं आजच करून घ्या ज्यांनी केलं नसेल त्यांनी. कमांड कोणती मारली ते सगळ्यांना आठवतं, कधी मारली ते कुणालाच आठवत नाही, आणि भांडण नेहमी ‘कधी’वरनंच होतं.) प्रत्येक गोष्टीपुढे का ते लिहिलेलं. आणि त्यातल्या एका स्क्रिप्टवर, दूध बिलाच्या, असं होतं: ‘आधी दुसऱ्या नावाने लिहा. पूर्ण झालं की नाव बदला. ह्याच फोल्डरात लिहा. शहाणपणा करू नका. ११ तारखेला रडाल.’ बाकीच्या ओळींत कुठल्या वर्षी काय झालं त्याची हकीकत.

मी शहाणपणा केला. झालं असं की रात्री सगळ्या संकलन केंद्रांचा डेटा गोळा होऊन त्याची एक फाइल बनते, आणि बिलाचा प्रोग्राम दर मिनिटाला त्या फोल्डरात डोकावतो, फाइल दिसली की उचलतो. म्हणून सरांनी फाइल आधी शेवटी टेंप लावून लिहायची आणि मग एमव्ही कमांडने नाव बदलायचं असं केलेलं. मला वाटलं कामाच्या फोल्डरात हा कचरा कशाला, टेंप फाइल स्लॅश टेंपमध्ये (मशीनचं तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) बनवू आणि तिकडून इकडे एमव्ही करू. दिसायला तीच कमांड. पण एकाच फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कच्या एकाच भागात, एमव्ही म्हणजे नुसतं नाव बदलणं असतं, ते एका झटक्यात होतं, बघणाऱ्याला एकतर फाइल दिसत नाही किंवा पूर्ण दिसते, अर्धी कधीच नाही. आमच्या मशीनवर स्लॅश टेंप वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात, होतं. तिथून एमव्ही केलं की आतल्या आत ते कॉपी करतं आणि मग मूळ पुसतं, आणि कॉपी चालू असताना फाइल अर्धीच दिसते. रोजची फाइल छोटी, पटकन व्हायची, कुणाला काही कळलं नाही. दूध बिल निघतं दर १० दिवसांनी. ११ तारखेला १० दिवसांची मोठी फाइल आली, कॉपी चालू असताना बिलवाल्या प्रोग्रामने मध्येच उचलली, आणि सकाळी निम्म्या गावांची बिलं कमी. लोक संस्थेत आले, संस्थेने आमच्याकडे फोन लावला, आणि मी, खरंच, रडले. बाथरूममध्ये जाऊन. सगळं परत चालवलं, दुपारपर्यंत बिलं नीट झाली, पण ज्याने पहाटे ५ ला उठून दूध घातलंय त्याला पार्टिशनचं काय सांगणार.

तर मुद्दा हा. स्क्रिप्ट कुणीही देईल. ह्याच फोल्डरात का, हे फक्त ज्याचं एकदा पोळलंय तोच लिहितो, आणि तो लिहीत नाही, कारण एकतर वेळ नसतो नाहीतर त्याला वाटतं ह्यात काय लिहायचं.

दुसरं उदाहरण, हे तर मला वाटतं महाराष्ट्रातल्या अर्ध्या सर्व्हरांवर आज रात्री पण होत असेल. क्रॉन सगळ्यांना माहितीये, ठरल्या वेळी काम चालवणारा, युनिक्सच्या जुन्या दिवसांपासूनचा. बॅकअपची ओळ टाकायची, फाइलच्या नावात आजची तारीख यावी म्हणून डेट कमांडला अधिक चिन्ह, टक्का आणि एफ द्यायचं. टर्मिनलवर चालवून बघितलं, चालतं. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, टाकलं, चालत नाही. कारण क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, तिथे कमांड तुटते, त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते तरच टक्का टक्का राहतो. मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय. कोण वाचतं. एका पतसंस्थेचं मशीन आमच्याकडे आलं तेव्हा बॅकअपचं फोल्डर बघितलं तर रिकामं, तीन महिन्यांची एकही फाइल नाही, आणि टाकणारा छातीठोक सांगतोय मी स्वतः चालवून बघितलं होतं. खोटं नव्हता बोलत. मग रूटची (मशीनच्या मुख्य खात्याची) मेलबॉक्स उघडली, त्याच मशीनवरची, जी कुणी म्हणजे कुणी उघडत नाही, तर तिच्यात रोज रात्रीचं एक पत्र, क्रॉनने लिहिलेलं, की बाबांनो ह्या ओळीत कंस बंद झालेला नाही. नव्वदच्या आसपास पत्रं. सगळ्यांत तोच मजकूर.

आपणच वेंधळे असं नाही. गिटलॅब ह्या कोड ठेवायच्या वेबसाइटचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण ह्या लायनीतल्या सगळ्यांना पाठ आहे. रात्री दमलेल्या इंजिनियरने डेटाबेसचं फोल्डर पुसलं, वाटलं दुय्यम सर्व्हरवर आहोत, होता मुख्य. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर जिथे असायला हवा तिथे काहीच नाही, कारण डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि बॅकअप घेणारं टूल ९.२ चं चालत होतं, ते रोज एरर देऊन थांबायचं. आणि ते थांबल्याच्या ज्या मेल जायच्या त्या समोरचा मेल सर्व्हर घेतच नव्हता, म्हणून कुणापर्यंत पोचल्याच नाहीत. नशिबाने एका कामासाठी कुणीतरी सहा तास आधी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची नक्कल) घेतलेला, तो कामी आला. मला त्यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी हे सगळं जसंच्या तसं लिहून जगापुढे ठेवलं, परत आणण्याचं काम चालू असताना ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. आपल्याकडे अशा वेळी पहिला फोन जातो तो ‘बाहेर कळू देऊ नका’ हा.

बॅकअपचंच चाललंय तर अजून एक. बॅकअपची कमांड, मग उभी रेघ (हाच पाइप, पहिलीने दिलेलं दुसरीला पोचवणारा), मग फाइल दाबून लहान करणारा जीझिप. पाइपमधली पहिली कमांड पडली आणि शेवटची नीट संपली तर शेलच्या हिशेबी सगळं नीट. जीझिपला काही मिळालंच नाही तरी तो आनंदाने रिकामी फाइल बांधून देतो, ती असते २० बाइटची. म्हणून बॅकअप फोल्डरात २० बाइटची फाइल दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. उपाय स्क्रिप्टच्या सुरवातीला एक ओळ, सेट, वजा ई यू ओ, पाइपफेल. म्हणजे काही पडलं तर थांब, न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं तर थांब, पाइपमध्ये मधलं कुणी पडलं तरी ते पडलं असं धर. ही ओळ सगळे कॉपी करतात, मी पण करते, पण ती म्हणजे ताईत नव्हे. वजा ई ला इफच्या अटीत काही पडलं तर ते दिसत नाही. आणि वजा यू न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतं, रिकामं पकडत नाही.

हा फरक किती महाग पडतो ते बघा. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम ह्या गेमवाल्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये अशी ओळ सापडली की अमुक व्हेरिएबलमधल्या फोल्डरातलं सगळं पुसा. ते व्हेरिएबल काही कारणाने रिकामं आलं की उरते नुसती स्लॅश आणि स्टार, म्हणजे त्या माणसाला जे जे पुसता येतं ते सगळं पुसा, घरचं होम फोल्डर आलं, लावलेली बाहेरची डिस्क आली. आणि लिहिणाऱ्याला भीती वाटली होती हो! त्या ओळीच्या वर त्याने कॉमेंट टाकलेली, ‘स्केरी’. भीती वाटली, लिहिली पण, आणि पुढे गेला. तिथे व्हेरिएबलच्या नावापुढे कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह टाकलं असतं तर रिकामं आल्यावर स्क्रिप्ट तिथेच थांबली असती. दोन अक्षरं. त्याआधी २०११ मध्ये बंबलबी नावाच्या एका प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये यूएसआर ह्या फोल्डरच्या नावापुढे एक स्पेस जास्त पडली, आणि आतलं एक बारकं फोल्डर पुसायच्या ऐवजी लोकांचं अख्खं यूएसआर, जिथे बहुतेक प्रोग्राम असतात ते, उडालं. एक स्पेस. शेलचेक नावाचं फुकट टूल आहे, स्क्रिप्ट त्याच्यात टाकली की असल्या बऱ्याच गोष्टी ओरडून सांगतं, आमच्याकडे ते न चालवता कुणी काही चढवलं तर चहा त्याचा.

माझी स्वतःची अजून एक सांगते आणि मग तक्रारीवर येते. क्रॉनटॅब वजा ई म्हणजे उघडून बदला. क्रॉनटॅब वजा आर म्हणजे सगळं काढून टाका, न विचारता. आता कीबोर्डवर ई आणि आर बघा कुठे आहेत. शेजारी शेजारी. रात्री पावणेबाराला, बारा वाजताची कामं सुरू व्हायच्या आधी काहीतरी बारीक बदलायला म्हणून बसले आणि बोट घसरलं. काही आवाज नाही, मेसेज नाही, नुसता प्रॉम्प्ट परत आला. पहिल्यांदा कळलंच नाही. मग वाचवलं कुणी तर लॉगने, क्रॉन जे जे चालवतो ते सगळं लॉगमध्ये लिहितो, ग्रेप मारून (शोधायची कमांड) कुठली कमांड किती वाजता चाललेली ते काढलं आणि वीस मिनिटांत क्रॉनटॅब परत मांडला. फुशारकीत झोपले. पण लॉग ठेवलेले चारच आठवड्यांचे आणि आमच्याकडे तीन महिन्यांतून एकदा चालणारं एक काम होतं, तिमाही व्याजाचं, ते लॉगमध्ये कुठून असणार. ते कळलं तिमाही संपल्यावर. तेव्हापासून रोज रात्री क्रॉनटॅब वजा एल ची कॉपी तारीख टाकून दुसऱ्या मशीनवर जाते, आणि एलियस (कमांडचं टोपणनाव) करून ठेवलाय की क्रॉनटॅब म्हटलं की आपोआप वजा आय लागतं, म्हणजे पुसायच्या आधी निदान विचारतं तरी.

आणि आपला साडेपाच तासांचा फरक! क्लाउडवर नवीन मशीन घेतलं की त्याचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतं. आमच्या एकाने बॅकअप रात्री २ ला लावला, झोपताना सगळं शांत, आणि बॅकअप सुरू होतो आपल्या सकाळी साडेसातला. साडेसातला दूध संकलनाची गर्दी, काट्यावर कॅन, फॅट लागतोय, रांग लागलेली, आणि मशीन नेमकं तेव्हाच दमलेलं. आठ दिवस आम्ही नेटवर्कवाल्याला शिव्या घातल्या. रात्रीचे २ हवे असतील तर यूटीसीत आदल्या दिवशीचे साडेआठ लिहायचे, रात्रीचे, आणि आदल्या दिवशीचे म्हणजे वार पण एक मागे, आणि महिन्याच्या १ तारखेचं काम असेल तर मागच्या महिन्याची शेवटची तारीख आली, जी कधी ३०, कधी ३१, फेब्रुवारीत २८ नाहीतर २९. त्यापेक्षा मशीनचं घड्याळच आशिया-कोलकाता करा आणि मोकळे व्हा, पण मग लॉग जोडून बघताना दुसऱ्या मशीनांशी जुळत नाहीत ते वेगळं दुखणं.

मराठीचं म्हणून एक. फाइलीची नावं मराठीत द्यायला लिनक्सची काही हरकत नाही, मी देते. पण लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्त वेगळा. म्हणजे ८५ चिन्हं झाली की संपलं. ‘सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित’ एवढं नावाचं शेपूटच ९४ बाइटचं आहे, मोजून बघा, त्याच्या आधी देवाचं नाव, गावाचं नाव, त्याच्या नंतर लेखापरीक्षण अहवाल, वर्ष, आणि शेवटी ‘अंतिम नवीन दुरुस्त’. स्क्रिप्ट कॉपी करताना नाव फार लांब म्हणून थांबते आणि इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला ते कधी दिसतच नाही.

आता तक्रार. इंजिनियरिंगच्या पोरांना कॉलेजात शेल स्क्रिप्टचं प्रॅक्टिकल असतं, आमच्याकडे मुलाखतीला येतात त्यांना विचारते काय लिहिलंत, तर फॅक्टोरियल, पॅलिंड्रोम, सम-विषम. आयुष्यात कुठल्याही सर्व्हरने मध्यरात्री मला फॅक्टोरियल मागितलेलं नाही. डिस्क भरली म्हणून ४० जीबीचा लॉग पुसला तरी डिस्क भरलेलीच दिसते, असं का, हे विचारलं की गप्प. (प्रोग्रामने ती फाइल अजून धरून ठेवलेली असते, तो सोडेपर्यंत जागा सुटत नाही, एलएसओएफ कमांडने धरणारा शोधायचा.) पोरांचा दोष नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, आणि मराठीत तर नाहीच नाही. एआयला विचारलं तर तो ही गोष्ट नीट सांगतो हे पण मान्य करते, माझ्यापेक्षा शांतपणे सांगतो. फक्त त्याला विचारायचं काय हे आधी कळायला लागतं, आणि आमच्या स्लॅश टेंपचं पार्टिशन वेगळं आहे हे त्याला मी सांगितल्याशिवाय माहीत नसतं. सरांच्या फाइलीत मात्र ते होतं, मराठीत.

म्हणून एक मागणं आहे. पानभर जागा एआयला द्या, पण आठवड्यातून एक पाव कॉलम असल्या गोष्टींना द्या. लिहिणारे मिळतील. महापालिकांत, साखर कारखान्यांत, हॉस्पिटलांत, बँकांत, प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसलाय ज्याच्याकडे अशी ‘नोंदी’ फाइल आहे, आणि त्यातले बरेच येत्या काही वर्षांत रिटायर होतायत. नावं नका छापू, संस्थांची तर अजिबात नका छापू, फक्त काय केलं, काय झालं, मग कुठली ओळ टाकली आणि का. आणि कोड छापायची वेळ आलीच तर डीटीपीवाल्यांना सांगा की बाबा अवतरणं सरळ ठेव.

आपली,
एक सिस्टीमवाली, सातारा
(नाव छापू नये, ऑफिसात तुमचाच पेपर येतो.)

ता. क. तुमच्या ऑफिसात पण कोपऱ्यात एखादं लिनक्सचं मशीन असेलच, अंक साठवायला वगैरे. त्याच्यावर रूटची मेलबॉक्स एकदा कुणाला तरी उघडायला सांगा. किती पत्रं पडलीत ते मला जरूर कळवा.